ठराव क्रमांक चार

२ फेब्रुवारी, सोमवार

एकतीस वर्षं हापशी मेकॅनिक होतो, तवा रोज दौरा डायरी लिहायची सक्ती होती. कुठी गेलतो, किती वॉशर बदलले, किती पाइप वर काढले. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, सक्ती गेली, पण खोड राह्यली. बहुतेक दिवशी "दौरा निरंक" एवढंच लिहितो. बायको, सुग्राबी, हसते मले.

आज लिहायले आहे. नगर परिषदेचे उपाध्यक्ष भारतभाऊ स्वतः घरी आले. मोठी पांढरी गाडी गल्लीत मावत नव्हती, म्हणून कोपऱ्यावर लावून पायी आले. म्हणाले, "निजामचाचा, नवी बॉडी आली, आता आपण शहर पर्यावरण समिती बनवून राह्यलो. पाण्यातलं कळणारा एक माणूस पायजे. गावात तुमच्याशिवाय आहे कोण?" आता हे खरंच आहे. या तालुक्यात अशी हापशी नाही जिचा दांडा मी हाती धरला नाही. मी हाव म्हटलं.

ते गेल्यावर सुग्राबी चहाचे कप उचलत म्हणाली, "अजी, इतने बरस में कोई आया क्या अपने घर? अब काहे को आया?" मी म्हटलं, तुले प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते. माणसाले उशिरा का होईना मान भेटते, तेही बघवत नाही लोकायले.

९ फेब्रुवारी, सोमवार

समितीची पहिली सभा. किळस आली, पण सगळं सांगतो.

सभागृहात "पर्यावरण वाचवा" असा बॅनर, तोही प्लॅस्टिकचा. प्रत्येकाच्या समोर पाण्याची छोटी बाटली, अर्धी पिऊन टाकलेली. थर्माकोलच्या प्लेटीत दोन दोन समोसे. एक मेंबर ओझोनवर बोलला आणि बोलता बोलता चटणीची पुडी खिडकीतून बाहेर फेकली. मी पाह्यलं त्याच्याकडे, तं हसला लेकाचा. भारतभाऊंनी झाडावर भाषण देलं. तीन हजार झाडं लावायची म्हणे. मागच्या तीन हजारांपैकी एक दाखवा म्हणावं.

पण माझी ओळख करून देतानी "आमचे जलतज्ज्ञ" असं म्हटलं. टाळ्या झाल्या. खोटं कायले लिहू, छातीत गरम गरम वाटलं. आजवर सायबायच्या टेबलापुढं मी उभाच राह्यलो, आज पाठीले गादी असलेली खुर्ची होती.

शेवटी राजकुमार बाबूनं, म्हणजे सभेचं दप्तर सांभाळणाऱ्या क्लार्कनं, कार्यवृत्ताचं रजिस्टर फिरवलं. वरतं पान कोरं, खाली सह्यायची जागा. म्हणाला, "चाचा, मजकूर मी मागून सुवाच्य अक्षरात लिहितो. तुमाले एका ठरावाले अनुमोदक धरतो, चालन ना?" सूचक म्हणजे ठराव मांडणारा आणि अनुमोदक म्हणजे त्याले बरोबर म्हणणारा, दोन नावं लागतातच. मी म्हटलं चालन. नोकरीत मीही असंच करायचो. हापशी उघडायच्या आधीच सरपंचाची "दुरुस्ती समाधानकारक" फॉर्मवर सही घेऊन ठेवायचो, कारण मागून सरपंच सापडत नाही. कोरा कागद मले नवा नाही. समोसा थंड झालता, तो तेवढा खराब होता.

घरी येऊन सुग्राबीले सांगतलं, पहिल्याच सभेत अनुमोदक झालो. ती म्हणे, किस चीज के? मी म्हटलं, ते राजकुमार पाहून घेईन.

११ फेब्रुवारी, बुधवार

बंजाऱ्यायच्या तांड्यावर गेलतो. भारतभाऊंचाच निरोप होता की तिथं लोक भडकले आहेत, चाचा जरा समजावा.

हा तांडा आता गावाच्या हद्दीत आला, प्रभाग नऊ. वरच्या अंगाले ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी चराईची. आठ महिन्यांपासून गावाचा सगळा कचरा तिथं नाल्यात टाकतात. ना कोणाले विचारलं, ना खड्डा खोदला. तांड्यात एकच हापशी, मीच बसवलेली, शहाण्णव साली. लालीबाईच्या घरासमोर. तवा तिचा नवरा जिवंत होता, मले त्यानं मोहाच्या फुलायची भाकर खाऊ घातलती.

लालीबाईनं दांडा दोनदा मारला आणि ओंजळ माझ्या नाकाशी आणली. "घ्या, वास घ्या निजामभाऊ. तुमचंच पाणी हाय."

वास होता. सडक्या भाजीचा नाही, त्याहून खाली काहीतरी. मी तोंड नाही फिरवलं.

माणसं म्हणे सोमवारी दिग्रस रोड अडवतो, ट्रॅक्टर आडवे टाकतो. मी सगळ्यायले बसवलं. म्हटलं, मी समितीत आहो. माझ्या मंजुरीशिवाय ई-क्लासवर कागद हलणार नाही. नमुना नेतो, तपासून आणतो. आततायीपणा करान तं तुमच्यावरच केस होईन. लालीबाईनं विचारलं, "तवापर्यंत प्यायचं का नाही प्यायचं?" मी म्हटलं, प्या. मी सांगीन तवा बंद करा. रस्ता रोको त्यायनं मागं घेतला. माझा शब्द अजून चालते तांड्यावर.

नमुना स्वच्छ बाटलीत भरला, बूच लावून चिठ्ठी चिकटवली, थेट नगर परिषदेत नेऊन राजकुमारच्या हातात देला. उद्याच यवतमाळच्या प्रयोगशाळेत जाईन म्हणाला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भारतभाऊंचा फोन. "चाचा, तुम्ही नसते तं आज पोलीस बोलवा लागले असते. उगाच नाही निवडलं तुमाले." सुग्राबी बाजूलेच होती. मी मुद्दाम स्पीकरवर ठेवला. ती तांदूळ निवडत राह्यली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तेरा दिवस झाले, रिपोर्ट नाही. म्हणून आज स्वतः डेपो पाहायले गेलो. रोजा होता, जायले नको होतं.

नाल्याच्या काठावर उभं राहून खाली पाह्यलं. लहान पोरायचे वापरलेले लंगोट, मटणाच्या दुकानाची आतडी, लग्नाच्या मांडवातली उष्टी पत्रावळ, दवाखान्यातल्या सुया लागलेल्या नळ्या, आणि या सगळ्यातून काळं, तेलकट पाणी झिरपत तांड्याकडं उतरते. डुकरं त्यात लोळून राह्यली. माश्या माझ्या ओठावर बसल्या. रोज्यात तोंडात थुंकी आली तं गिळा लागते, ती मले गिळवत नव्हती. शेवटी थुंकलो आणि रोजा मोडला का नाही याच विचारात घरी आलो. इमामसाहेब म्हणाले मोडत नाही. माझ्या मनातून मात्र मोडला.

हे आमच्या गावानं केलं. परक्यानं नाही. आम्ही घरात फरशी पुसतो, अत्तर लावतो, आणि हे सगळं उचलून लालीबाईच्या घरासमोर नेऊन टाकतो. थू!

राजकुमारले फोन केला. म्हणे, प्रयोगशाळेत गर्दी आहे, मार्चअखेर जवळ आली.

५ मार्च, गुरुवार

होळी झाली. तांड्यावर यंदा लेंगी नाही म्हटली कोणी, असं दूधवाल्यानं सांगतलं. लेंगी म्हणजे यायची होळीची गाणी, आठ आठ दिवस चालतात. मी पाहायले गेलो.

लालीबाईची सून संगीता बाजेवर पोरीले घेऊन बसलती. पोरगी पाच वर्षांची. डोळे पिवळे, हळद लावल्यासारखे. सरकारी दवाखान्यात दाखवलं, कावीळ म्हणे. आणखी चार घरी तेच. मी म्हटलं, उकळून प्या, रिपोर्ट या आठवड्यात येते.

सरपणाचा काय भाव आहे आणि अख्ख्या घराचं पाणी उकळायले किती लागते, हे मले ठाऊक आहे. तरी म्हटलं. नाक मले अकरा फेब्रुवारीलेच सांगून राह्यलं होतं. कागद येऊ दे म्हणून मी थांबलो. मी समितीचा माणूस, कागदाशिवाय कसं बोलायचं? असं वाटलं. आताही तसंच वाटते, पण हे वाक्य दोनदा खोडून लिहिलं.

९ मार्च, सोमवार

दौरा निरंक. सभा नाही.

१६ मार्च, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहितो. राग आला तं अक्षर बिघडते, म्हणून हळूहळू लिहितो.

सकाळी नगर परिषदेत गेलो. राजकुमार जागेवर नव्हता. कपाट अर्धं उघडं. मी सहज पाह्यलं. फायलींच्या मागं, अगरबत्तीच्या पुड्याजवळ, माझी बाटली. माझ्या हातची चिठ्ठी, माझं अक्षर. पाण्याच्या तळाशी हिरवट गाळ बसलता. तेहतीस दिवस तिथंच होती. यवतमाळ सोडा, कपाटातून बाहेरही निघाली नव्हती.

बाटली हातात घेऊन उभा होतो तं राजकुमार आला. घाबरला नाही. म्हणाला, "ठेवा चाचा ते. आता त्याची गरज नाही. ठराव झाला ना."

कोणता ठराव? तं त्यानं रजिस्टर काढलं, पान उघडून दाखवलं, माझ्यावर उपकार केल्यासारखं. सुवाच्य अक्षर आहे त्याचं, खोटं नाही बोलला तो. मी उतरवून घेतलं:

"ठराव क्र. ४. प्रभाग नऊमधील ई-क्लास जमिनीवर कायमस्वरूपी कचरा डेपो करण्यास पर्यावरणाच्या दृष्टीने हरकत नाही. लगतच्या वस्तीतील पाण्याची तज्ज्ञ सदस्यांनी पाहणी केली असून पाणी पिण्यास योग्य आढळले. वस्तीतील नागरिकांची समजूत काढण्यात आली आहे. सूचक: उपाध्यक्ष. अनुमोदक: श्री. निजामुद्दीन, जलतज्ज्ञ. सर्वानुमते मंजूर."

तारीख नऊ फेब्रुवारी. नऊ तारखेले मी तांड्यावर गेलोही नव्हतो. आणि खाली माझी सही. खोटी नाही, माझीच. निजामुद्दीनच्या शेवटच्या 'न'ले शेपूट काढायची माझी सवय, तेही आहे.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. दोन शिपाई आले. भारतभाऊ आतून आले, खांद्यावर हात टाकला, म्हणाले, "चाचा, तापू नका, बीपी वाढन. डेपोले जागा कुठीतरी तं लागनच. आणि हे पहा, तांड्यावाले तुमचं ऐकतात, म्हणून तं तुम्ही." आणि हसले. अगदी मोकळं हसले.

म्हणून तं मी. पाण्यातलं कळते म्हणून नाही. सुग्राबीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी तिले गप्प केलं. तांडा माझ्यावर भरोसा ठेवते, तेवढीच माझी लायकी यायले पायजे होती. आणि मी ती नेऊन देली, दोन समोसे आणि एका गादीच्या खुर्चीसाठी.

भारतभाऊच्या हाताचा वास खांद्यावर राह्यला. कुडता काढून फेकला.

१७ मार्च, मंगळवार

हापशी खोलायचे पाने-पक्कड घेऊन तांड्यावर गेलो. आधी लालीबाईच्या ओसरीवर बसलो, सगळं सांगतलं. कोरं पान, सही, ठराव, बाटली. काही लपवलं नाही.

ती म्हणाली, "मले माहीत हाय. नगर परिषदेतून माणूस आलता दहा दिसाआधी, कागद घेऊन. म्हणे तुमच्या निजामचाचानंच पास केलं, आता बोंबलू नका. संगीतानं वाचलं."

"मग मले काहून नाही सांगतलं बाई?"

"मले वाटलं, तुमी येसान. आणि तुमी सांगतलं होतं ना, मी सांगीन तवा बंद करा. तुमी सांगतलंच नाही."

आणखी दहा दिवस पाजलं यायनं पोरीले ते पाणी. माझ्या शब्दावर.

मी उठलो, हापशीची चेन सोडवली, दांडा काढला. तीस वर्षं जुना नट, हलत नव्हता, रॉकेल टाकलं. बायका पाण्याची गुंडं घेऊन भोवती उभ्या. एकजण म्हणाली, "आता पाणी कुठून?" दांडा ओसरीवर ठेवला आणि म्हटलं, प्यायचं नाही, हात धुवायलेही नाही. हे मी अकरा फेब्रुवारीलेच म्हणायले पायजे होतं.

उद्यापासून रोज सकाळी माझ्या घरच्या बोअरवरून छोट्या टेम्पोत ड्रम नेईन. चार ड्रमात काय होते.

२१ मार्च, शनिवार

ईद. सुग्राबीनं शीरखुर्मा केला. दर वर्षी संगीता डबा घेऊन येते आणि तांड्यासाठी भरून नेते. यंदा कोणी आलं नाही. दुपारी सुग्राबीनं डबा भरला आणि माझ्यापुढं ठेवला, जाऊन द्या म्हणून. मी नाही गेलो. शरम वाटली. तिनं बुरखा घातला आणि स्वतः गेली.

८ एप्रिल, बुधवार

डेपोच्या मंजुरीसाठी आज जनसुनावणी. जिल्ह्याहून अधिकारी मॅडम आल्या. मंडप, पंखे, आणि पुन्हा त्या पाण्याच्या बाटल्या. तांड्यावरून साठ-सत्तर माणसं. लालीबाई दुसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर, मांडीवर हात.

राजकुमारनं ठराव वाचला. माझं नाव आलं तं मंडपात कुजबुज झाली. मॅडमनं विचारलं, हे सदस्य आले आहेत का? मी उठलो.

माझा जबाब मी लिहून नेला होता. फसवणूक, दिशाभूल, दबाव, असे शब्द होते त्यात. वकिलानं सांगतलेले. कागद खिशातच राह्यला.

मॅडम म्हणाल्या, "सही तुमचीच आहे ना?"

"हाव, माझीच. पण पान कोरं होतं."

"पान कोरं होतं म्हणता. तुम्ही शिकलेले आहात, सरकारी नोकरी केली आहे. कोऱ्या पानावर सही का केली?"

मी लालीबाईकडं पाह्यलं. मग म्हटलं, "मॅडम, मले बरं वाटलं म्हणून. कोणी मले तज्ज्ञ म्हटलं नव्हतं आजवर. खुर्ची देली, टाळ्या वाजवल्या. त्या भरात वाचावं असं मनातच नाही आलं. पाणी मी तपासलं नव्हतं. मागून वास घेतला तं वास खराब होता, तरी मी लोकायले प्या म्हटलं. पाच घरी कावीळ झाली. यायनं मले फसवलं हे खरं, पण तांड्याले मी फसवलं."

मागून कोणीतरी हसलं. भारतभाऊ मोबाइल पाहत होते. मॅडमनं एक एक वाक्य लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. ठराव फेरविचारासाठी परत. नवीन नमुना त्यायच्या माणसानं त्याच वेळी, सगळ्यासमोर घेतला. निकाल येईपर्यंत एकही गाडी ई-क्लासवर जायची नाही.

बाहेर निघालो तं भारतभाऊ बाजूनं जातानी हळूच म्हणाले, "चाचा, स्वतःचीच अब्रू घालवली ना." मी म्हटलं, हाव, तुमच्याजवळ ठेवली असती तं सडली असती. घरी येऊन उलटी झाली. सुग्राबीनं पाठीवरून हात फिरवला.

९ एप्रिल, गुरुवार

सकाळी दारात लालीबाई आणि संगीता. पोरगी कडेवर, डोळे आता बरेच पांढरे आहेत. सुग्राबीनं आत बसवलं, चहा ठेवला.

लालीबाईनं पिशवीतून कागद काढला. गावाच्या पाइपलाइनीवरून तांड्यापर्यंत नळ द्या, असा अर्ज. संगीतानं लिहिलेला, दीड पान. खाली सह्या आणि अंगठे, बरेच अंगठे. म्हणाली, "तुमची सही पायजे. समितीवाला माणूस म्हणून."

मी म्हटलं, "बाई, माझ्या सहीले आता कोण विचारते?"

"ते आमी पाहून घेऊ. तुमी करा."

मी खिशातून पेन काढला, कागद मांडीवर घेतला, खाली रिकामी जागा शोधली. तेवढ्यात तिनं कागद ओढून घेतला माझ्या हातातून.

"थांबा. संगीता, आधी वाचून दाखव भाऊले. यायले न वाचता सही करायची बिमारी हाय."

सुग्राबी दारातच थांबली. मले वाटलं हसते आता, पण नाही हसली.

संगीतानं वाचलं. मा. मुख्याधिकारी साहेबांपासून. प्रभाग नऊ, घरं अठ्ठावीस, माणसं एकशे एकेचाळीस, हापशी एक, बंद. आजारी पाच, त्यात लहान चार. कर किती वर्षांपासून भरतो तेही. मग नावं. एक एक नाव, बापाच्या नावासकट. मी मधात मान डोलावली, कळलं म्हणून.

लालीबाई म्हणाली, "मान नका डोलवू, भाऊ. ऐका."

ऐकलं. शेवटच्या नावापर्यंत ऐकलं, चहा थंड होईस्तोवर. मग तिनं कागद माझ्यापुढं ठेवला आणि मी तिच्या अंगठ्याखाली सही केली.